मानेमागची गाठ

मलकापूरच्या कॉलेजातून दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आले, तेव्हा कळलं की आमच्या शाळेतल्या गुरुजींची बदली झाली आहे आणि ते उद्या सकाळच्या एसटीनं निघणार आहेत.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर मला कॉलेजात घालावं म्हणून हेच गुरुजी बाबांच्या मागे लागले होते. बाबांचं मिरचीला पाणी देणं चालू होतं आणि गुरुजी बांधावर उभं राहून बोलत होते. बाबांनी तेव्हा नुसती होकारार्थी मान हलवली. आभार मानायचे राहिले, ते राहूनच गेले.

"आता तरी दोन शबुद बोला त्याइले," माय म्हणाली.

"हार घालतो ना."

"हार काय बोलते?"

बाबा दाभण शोधायला उठले.

सकाळी आम्ही मळ्याच्या कडेचा झेंडू तोडला. दवानं फुलं जड झाली होती. मी देठं खुडून एकेक फूल हाती देत होते आणि बाबा दाभणानं सुतळीत ओवत होते. चार फुलं झाली की आंब्याचं एक पान. बाबांनी जन्मात हार केले ते पोळ्याला, बैलांसाठी. तरीही हा हार त्यांनी पुन्हा पुन्हा उचलून पाहिला, कोमेजलेली दोन फुलं काढून नवी घातली. मग ओल्या फडक्यात गुंडाळून आम्ही तिघं निघालो.

एसटी उभीच होती आणि गुरुजींभोवती गावातले लोक जमले होते. बाबांनी फडकं सोडलं तर हाराची दोन्ही टोकं मोकळी लोंबत होती. शिंगांवरून हार जात नाही, म्हणून बैलाचा हार मोकळा ठेवतात आणि मानेमागे बांधतात. बाबांच्या हातांनी सवयीनं तसाच केला होता.

"काऊन हो," माय म्हणाली, "गुरुजीले शिंगं हायेत का?"

लोक हसले. बाबा टोकं जुळवू लागले, पण ओली सुतळी बोटांत ठरेना. ड्रायव्हरनं भोंगा दिला. तेव्हा गुरुजींनी टोपी काढली, बाबांकडे पाठ केली आणि मान वाकवली.

"बांधा भाऊ. बैलाला बांधता तसाच."

बाबांनी हार पुढून घेतला आणि त्यांच्या मागे उभे राहिले. गाठ मारता मारता हळूच म्हणाले, "गुरुजी, पोरगी शिकून राह्यली ते तुमच्यानं. मले त्या दिशी बोलता नाही आलं."

गुरुजींनी मागे वळून पाहिलं नाही. "पक्की मारा," एवढंच म्हणाले.

"सुटाची नाही जी."

मीही काहीतरी बोलायचं ठरवून आले होते, रस्ताभर वाक्य जुळवलं होतं. पण बाबांनंतर मला वेगळं काही म्हणायचं उरलं नाही. गुरुजींची पिशवी मी एसटीत चढून ठेवली आणि खाली उतरून त्यांच्या पाया पडले.