शिट्टीशिवाय पडदा नाही

सडक अर्जुनीच्या यादोरावांनी उभ्या आयुष्यात रंगमंचावर एक वाक्य म्हटलं नाही, आणि त्यांच्यावाचून नाटकमंडळीचं एक नाटक सुरू झालं नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत ते पडदे ओढायचे. महालाचा, जंगलाचा, नदीचा. दोर हातात आला की वजनावरूनच त्यांना पडदा ओळखू यायचा. मांडवात गलका एवढा की कोण काय ओरडतं ते कळत नसे. म्हणून नियम एकच. मालक बोंबलो की राजा रुसो, पडदा उठणार तो विंगेतल्या शिट्टीवर. शिट्टी वाजवायच्या सुशीलाबाई, त्यांची बायको.

यंदाच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, महाल अर्धा उठला आणि यादोरावांच्या डोक्यात काहीतरी फुटलं. उजव्या हातातून दोर सुटला. महाल धाडकन खाली आला, आणि त्याच्या घड्यांत ते.

गोंदियाच्या दवाखान्यात माणसांचं बोलणं त्यांना जाड कापडापलीकडून यावं तसं येत होतं. तिरोड्याकडची तरुण डॉक्टर भूमेश्वरी सांगत होती, "काकी, मेंदूत रक्त सांडलं आहे. काही दिवस झोपवून ठेवावं लागेल, श्वास मशीन देईल. नेहमी सुईनं झोपवतात. आमच्या संशोधनात काहींना सुई, काहींना श्वासातून भुलीचा गॅस. मेंदू कशानं जास्त वाचतो ते पाहायचं आहे."

"कशानं वाचते?"

"माहीत असतं तर संशोधन कायले केलं असतं? गॅसचा फायदा होईल, त्रासही होईल."

"म्हणजे माह्या माणसावर तालीम करून राहिल्या तुमी."

"तालीमच आहे. पण नाही म्हटलं तरी इलाजात कसूर नाही. अन् मधात थांबवा म्हणाल तर थांबवू."

"सुई का गॅस, कोन ठरवते?"

"कम्प्यूटर. मी पण नाही."

सुशीलाबाईंनी कागद पुढं ओढला. "बरं हाय. मालकाची मर्जी तरी चालत नाही." त्यांनी सही केली. "पन ह्याचा उजवा हात? हात गेला तं हा मानूस घरात बसूनच मरन."

"ते उठल्यावरच कळेल."

यादोरावांच्या वाट्याला गॅस आला. मग पडदेच पडदे. जंगलामागे नदी, नदीमागे बोदलकशाच्या तलावाचं पाणी, आणि पाण्यावर रंगवलेला चंद्र हळूहळू ओला होत चाललेला. मेलेले नट तोंडाला रंग लावून विड्या ओढत बसले होते. कोणी हसून म्हणालं, "उचल ना गा, यादोराव." दोर हाताशीच लोंबत होता. कापसासारखा हलका, कोणता पडदा, तेच समजेना. यादोराव हसले आणि थांबून राहिले. शिट्टी कुठं झाली होती?

काही दिवसांनी गॅस कमी केला, तसं कोणीतरी दुरून म्हणालं, "काकाजी, हात उचला." परत म्हणालं. यादोरावांनी ऐकलं आणि सोडून दिलं. असे ओरडणारे पुष्कळ पाहिले होते. वाऱ्यानं पडदा हलावा तसा त्यांना एक हुंदका ऐकू आला. तो मात्र ओळखीचा होता.

इतक्यात खोकल्याची उबळ आली, आणि कुठूनशी बारीक, लांब शिट्टी वाजली.

यादोरावांनी उजवा हात वर नेला, दोर मुठीत धरला आणि ओढला.

एकच धावपळ उडाली. वाजला होता तो मशीनचा अलार्म, आणि मुठीत आली होती घशातली नळी. भूमेश्वरीनं दोन्ही हातांनी तो हात दाबून धरला. "सोडा, काकाजी, सोडा. काय ताकद आहे हो तुमच्यात." बोलता बोलता तिनं मुठीकडे पाहिलं. "काकी, हा उजवा आहे."

संध्याकाळी नळी रीतसर निघाली. सुशीलाबाई तोच हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"गॅसनंच वाचवलं ना व पोरी?"

"एकट्या काकाजींवरून सांगता येत नाही. सगळ्यांचं पाहून मग."

यादोराव डोळे किलकिले करून छताकडे पाहत होते. पांढरं, कोरं, त्यांनी कधी न ओढलेलं. घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "कोनता पडदा व?"

"घराचा," सुशीलाबाई म्हणाल्या.

त्यांनी मांडीवरची मूठ सैल सोडली. घराच्या पडद्याला घाई नसते.