आंदणाचा बंब

नातवानं गिझर दुरुस्तीला माणूस बोलावला. त्यानं आतली कॉइल बाहेर काढून दाखवली, पांढरी फटक आणि मनगटाएवढी जाड. "आजी, पाणी जड आहे तुमच्याकडचं," तो म्हणाला. अरे, मला काय शिकवतोस! या पाण्यानं आमच्या घरात काय रामायण केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मोठ्या जाऊबाई असत्या तर तिथंच पदर डोळ्यांना लावून बसल्या असत्या. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. घरात मन मोकळं करायला तेवढं एकच माणूस होतं मला.

सत्यभामाबाई त्यांचं नाव, माहेर डोणगाव. आई लहानपणीच गेलेली. बाप, जानराव, भाजीपाला पिकवून मेहकरच्या बाजारात विकायचा. या एकुलत्या एका लेकीला नांदुऱ्यात आमच्या भासऱ्यांना, शालिग्रामांना दिली, तेव्हा आंदणात तांब्याचा बंब दिला. लग्नात आंदणाची भांडी तोलून पंचांपुढं वजन सांगायची रीत होती. बंबाचं वजन सांगितलं तेव्हा आमच्याकडचे पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. जाऊबाई तो बंब रोज चिंच-राखेनं घासायच्या. सूर्य उगवला की असा झळकायचा की मी त्याच्यात बघून कुंकू लावायची. दोन काटक्या सारल्या की कढत पाणी! त्या वेळी आम्ही नदीतल्या झिऱ्याचं पाणी आणायचो. वाळूत खड्डा करायचा आणि गोड पाणी वाटी वाटीनं भरायचं. कंबर मोडायची, पण गप्पा काय व्हायच्या!

मग नळ आला. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. अंगणात तोटी! आम्ही तिला हळदकुंकू वाहिलं, आता हसा. पाणी जरा मचूळ होतं, पण घरात आलेल्या लक्ष्मीला नावं कोण ठेवणार? तूरडाळ शिजेना, तर वाण्याला शिव्या. साबणाला फेस येईना, तर साबणवाल्याच्या नावानं खडे. चहाच्या किटलीची चोच बुजली, तर मी नीट धूत नाही म्हणून माझा उद्धार. वड्याचं तेल वांग्यावर काढणं आम्हाला कुणी शिकवायला नको!

बंबही हळूहळू थंडावला. मधल्या नळीत जाळ घालून घालून लाकडं संपायची, डोळे चुरचुरायचे, आणि पाणी जेमतेम कोमट. घरात कारभार मोठ्या नणंदेचा, सोजराअक्कांचा. विधवा होऊन भावांकडं आलेल्या, कष्टाला वाघीण, पण तोंड म्हणजे तोफखाना. त्यांनी एका दिवसात निकाल लावून टाकला, की बंबच खोटा.

दिवाळीत जानराव लेकीला न्यायला आले. अक्कांनी आंघोळीचं पाणी काढलं आणि भर अंगणात, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्या बंबाच्या पान्याले गार पान्याचं विसन लागत नाई बरं, जानरावजी! पत्र्यावर तांब्याचं पानी चढवून आंदन देल्लं का आमाले?"

जानराव म्हणाले, "बाई, भाऊराव तांबट माह्या लहानपनचा दोस्त हाये, बंब त्यानंच घडवला. थो मले फसवनार नाई." त्यांनी नळाच्या गार पाण्यानं आंघोळ केली, फराळाला हात लावला नाही, आणि लेकीला न घेताच पहिल्या यष्टीनं परत गेले. वर्षभर ते आमच्या दारात आले नाहीत. जाऊबाई रोज बंब पेटवायच्या आणि धुराच्या नावाखाली रडायच्या. मी ओळखायची, पण बोलणार कोण?

पुढच्या दसऱ्यानंतर अक्कांनी ठरवलं, हा बंब मोडीत घालायचा. जाऊबाईंना आणि मला सोबत घेतलं आणि बंब हातगाडीवर टाकून बाजारात गेलो. भांड्यांच्या दुकानदारानं बंब उचलला आणि कपाळाला आठ्या घातल्या. तराजूत घातला, तर वजन लग्नात सांगितलं होतं त्याच्या दीडपट!

"काऊन बाई, आतमंदी गोटे भरून आनले का?" तो चारचौघांत ओरडला. "या वयात हे धंदे?"

"बाप्पा! कोनाले म्हनून राह्यला तू?" अक्का कडाडल्या. "मले चोर समजला का?"

दुकानदारानं बंब आडवा करून वरून लोखंडी वजन आपटलं. आत खडखड झाली आणि बंबाच्या तोंडातून पांढऱ्या खपल्या बाहेर आल्या, भाकरीएवढ्या जाड. नळाच्या पाण्याचा सगळा चुना तिथं बसला होता. जिथली खपली निघाली तिथं लालभडक, अस्सल तांबं दिसत होतं. "असा माल आता भेटत नाई," दुकानदार स्वतःच पुटपुटला. अक्कांनी बंब परत गाडीवर ठेवला. घरी आल्या आल्या त्यांनी शालिग्रामांना थेट डोणगावला धाडलं.

जानराव आले. खंगले होते. अक्कांनी सुपात त्या खपल्या मांडून त्यांच्यापुढं ठेवल्या आणि हात जोडले. "व्याही, बंब खरा निंगाला. मीच खोटी पडली. तुमची अब्रू घेतली मी, मले माफ करा."

जानरावांनी एक खपली हातात घेतली, उलटीपालटी केली आणि ओट्यावर बसले. तेवढ्यात जाऊबाईंनी त्यांचे पाय धरले. "मलेबी वाटलं होतं, बाबा," त्या हुंदके देत म्हणाल्या. "आपल्या बापानं सस्त्यात काम आटपलं, असं आलं होतं माह्या मनात."

म्हाताऱ्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको व पोरी. मले तरी कुठी भरोसा होता? इथून गेलो थो सरळ भाऊरावच्या दुकानात. भर बजारात त्याले चोर म्हनलं. पोराची आन घेतली त्यानं, तरी आयकलं नाई म्या."

"चला मंग," अक्का पदर खोचून उठल्या. "आताच जाऊ. मीबी येते, त्याचे पाय धरते."

"कोनाचे धरता, बाई?" जानराव म्हणाले. "पोळ्याच्या करीले गेला थो. मी त्याच्या मातीलेबी गेलो नाई."