हिवरटाकीवाली

तलाव आटला की गाळाचा वास येतो आणि मला काकू आठवते. आमच्याकडे सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. तिला सगळे ‘हिवरटाकीवाली’ म्हणत. ते गाव म्हणे याच तलावाखाली गेलं. बी.ए. झाल्यावर मी नकाशे, गॅझेटिअर धुंडाळले. हे नाव कुठेच नव्हतं. शेवटी एका उन्हाळ्यात तिलाच इथं आणलं.

तिनं गाळ चिमटीत धरून हुंगला. “लई शिकला बाबा तू. पर इथं वळखीचं कायबी न्हाई.”

“मग गाव गेलं कुठं, काकू?”

“लोक हाक मारतेत ना मला? तवर हाय.” ती हसली.

तेव्हा मला दिलासा वाटला होता. काकू गेली, तेव्हा श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तिचं खरं नाव छापलं, गंगूबाई. त्यानंतर हिवरटाकी मी कुणाच्याच तोंडून ऐकलं नाही.