शनवार तेली आणि मुकादमसर

मुकादमसरांशी माझी ओळख झाली ती भांडणातून. सौदीतल्या दम्मामला येऊन मला महिना झाला होता. एका शुक्रवारी माझे यजमान मला सरांच्या घरी घेऊन गेले. सर तेव्हा भारतीय शाळेत इतिहास शिकवत. सुट्टीच्या दुपारी ते ओळखीच्या कुटुंबांना एक जुनी अमेरिकन विनोदी मालिका दाखवत आणि मराठीत समजावून सांगत. युद्धकैद्यांच्या जर्मन छावणीतली गोष्ट. कैदी अधिकाऱ्याला फसवत होते नि सगळे पोट धरून हसत होते. मला राहवलं नाही.

"सर, हिटलरच्या छावणीवर हसू येतं तरी कसं तुम्हाला?"

सरांनी टीव्ही थांबवला. "वहिनी, त्या मूर्ख अधिकाऱ्याचं काम करणारा नट स्वतः ज्यू. हिटलरमुळे लहानपणीच देश सोडावा लागलेला."

"ज्यू म्हणजे नेमके कोण?" माझं शिक्षण सातवीपर्यंतचं.

"आमच्या रायगडात त्यांना पूर्वी शनवार तेली म्हणत."

"म्हणजे शनिवारी ओव्हरटाइम करणारे ऑइल कंपनीवाले?"

"उलट! शनिवार हा त्यांच्या धर्मातला विश्रांतीचा वार, म्हणून त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवणारे. आमच्या शेजारीच राहायचे."

"सर, हिला शनिवार म्हटलं की माझी ड्युटीच आठवते," यजमान म्हणाले.

हशा ओसरल्यावर सरांनी पडद्यावरच्या बुटक्या कैद्याकडे बोट दाखवलं. तो नट खऱ्याच छावणीतून वाचला होता. त्याचे आईवडील वाचले नाहीत. घरी आल्यावर चहा हातातच निवला.

पुढच्या शुक्रवारी मी विचारलं, "मारणाऱ्यांचा गणवेश त्या अधिकारी झालेल्या नटानं अंगावर चढवला कसा?"

"मलाही नीट कळत नाही, वहिनी. वाचून बघू या."

इतकी वर्षं इतिहास शिकवलेले सर सातवी शिकलेल्या बाईला असं म्हणाले, याचाही मला धक्काच बसला. तेव्हापासून ते पुस्तकं देत आले. कठीण शब्दांचे अर्थ समासात पेन्सिलीनं लिहून. अधिकारी कधीच जिंकता कामा नये, या अटीवर त्या नटानं काम घेतलं होतं, हे मला त्यातूनच समजलं.

मग एका सकाळी कामावर गेलेले यजमान परत आलेच नाहीत. हृदय बंद पडलं. कागदपत्रांसाठी, कफीलच्या, म्हणजे इथल्या जामीनदार मालकाच्या सहीसाठी सरच उन्हात हिंडले. इथंच नोकरीला असलेल्या मुलाजवळ मी राहिले, पण शुक्रवारी जाणं सोडलं. काही महिन्यांनी सर दारात उभे.

"वहिनी, शुक्रवारी या."

"मला हसायची भीती वाटते, सर. हसले तर हे खरंच गेले असं होईल."

"मग हसू नका. नुसत्या बसा."

मी गेले. अधिकारी पुन्हा फसला आणि मी मोठ्यानं हसले. हसता हसताच रडू फुटलं. सगळे वळले. सरांनी माझ्याकडे न बघता टीव्हीचा आवाज वाढवला नि वर्गात दरडावावं तसे म्हणाले, "मागे काय बघता? पुढे बघा!" त्या आवाजाआड मी पोटभर रडले.

हे गेले, हे खरं आहे. तरी मी शुक्रवारी हसते, हेही खरं आहे. आज पंच्याहत्तरी गाठलेल्या सरांना असे पुष्कळ शुक्रवार धडधाकट तब्येतीनं लाभोत.