एकीला हे, दुसरीला ते

आमच्या भावोजींना कुठलीही वस्तू एकटी बघवत नाही. शेजारी दुसरी ठेवली की मगच त्यांना ती दिसते. विजेच्या सामानाच्या दुकानात त्यांनी जन्म काढला. गिऱ्हाइकापुढे दोन मिक्सर मांडायचे, दोन्ही फिरवायचे आणि त्या घरघरीत ओरडून विचारायचं, "आता तुम्हीच सांगा, कुठला सरस?" गिऱ्हाईक कानांवर हात ठेवून पळायचं. मग भावोजी मालकाला सांगायचे, लोकांना पारख उरली नाही.

घरीही तेच. ताईची भाजी आणि माझी भाजी एका ताटात घेऊन निकाल द्यायचे. पोटच्या दोन मुलींनाही त्यांनी मिक्सरसारखंच शेजारी शेजारी उभं केलं. थोरली हरली की थयथयाट करायची, म्हणून तिची समजूत काढली जायची. धाकटी गप्प बसायची. तिची समजूत काढायची असते हे परीक्षकसाहेबांना कधी सुचलंच नाही. 'परीक्षक' हे नाव माझं. ते त्यांना कौतुक वाटतं.

ताई गेल्यावर ते धाकटीकडे राहायला आले. तिला जुळ्या मुली, पायांत पायांत घोटाळणाऱ्या. परवा दोघींना एकदमच क्रूप झाला. घसा आतून सुजतो, कुत्रं भुंकावं तसा खोकला येतो आणि सूज वाढली तर श्वास आत घेताना शिट्टी वाजते. डॉक्टरीणबाईंनी दोघींचं वजन करून डेक्सामेथासोन मापून दिलं, दोन छोट्या बाटल्यांत. एकदाच पाजायचं, बस्स. भाचीला, म्हणजे त्यांच्या आईला, कारखान्यात दिवसपाळी होती. जाताना ती म्हणाली, "बाबा, लगेच पाजा हं दोघींना."

पण एकदाच पाजायचं औषध ते कसलं! भावोजींचा विश्वास बसेना. कपाटात मागच्या खेपेची प्रेडनिसोलोनची बाटली होती, तेव्हाच्या डॉक्टरांनी तीन दिवस द्यायला सांगितलेली. स्टेरॉइड तेही, हेही. झालं, परीक्षकांच्या अंगात आलं. एकीला हे पाजलं, दुसरीला ते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे बैल नव्हता, लेकरू होतं.

संध्याकाळी मी आणि भाची एकदमच दारात पोचलो. एक चिमुरडी अंथरुणावर बसून बाहुलीचे केस ओढत होती. दुसरी आजोबांच्या मांडीवर मान ताणून श्वास ओढत होती आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती. फ्रॉकच्या पुढच्या भागावर औषधाचे वाळलेले डाग होते. ते कडू औषध तिने ओकून टाकलं होतं. फळीवर तिची छोटी बाटली तशीच भरलेली उभी होती.

आम्ही रिक्षाने दवाखान्यात धावलो. भाची तिला छातीशी धरून "घे बाळा, श्वास घे" एवढंच म्हणत होती. बाहुलीवाली माझ्या मांडीवर होती आणि भावोजी शेजारी. तिथे तिला मास्क लावून औषधाची वाफ दिली आणि डेक्सामेथासोन पाजलं. हळूहळू शिट्टी थांबली. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही औषधं कामाची आहेत. पण पोटात राहिलं तर! प्रेडनिसोलोन कडू, मुलं ओकतात. तुम्ही पुन्हा पाजलं का नाही? लगेच घेऊन का नाही आलात?"

भावोजींनी घसा खाकरला. "बघत होतो, उतार पडतो का. पण म्हणजे निकाल लागला म्हणायचा. डेक्सामेथासोन सरस."

मला वाटलं, तोच मास्क काढून यांच्या तोंडावर दाबावा.

भाची मात्र ओरडली नाही. झोपलेल्या पोरीच्या केसांतून हात फिरवत तिने विचारलं, "बाबा, कुठलीला कुठलं द्यायचं, ते कसं ठरवलंत?"

"त्यात काय? ती दुसरी फार रडते, कडू घेतलंच नसतं. ही बिचारी काही म्हणत नाही."

"मीही काही म्हणायचे नाही, बाबा."

भावोजींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. मायलेकी दोघी त्यांच्यासमोर शेजारी शेजारी होत्या आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना निकाल देता येईना.