ताईच्या हिरड्या

ताईच्या दातांवर तपकिरी रेघा होत्या. तिचं लहानपण आजोळी, एका क्षारट विहिरीच्या पाण्यावर गेलं. माझ्या जन्माआधीच वडील सोलापूरला गिरणीत लागले, त्यामुळे मी नळाच्या पाण्यावर वाढले. आम्हा बहिणींत फरक काय तो एवढाच.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची ती वर्षं. ताईला बघायला मोहोळची माणसं येणार होती. मुलगा तिथल्या शाळेत सायन्सचा मास्तर होता.

वडील ब्लीचिंग खात्यात होते. सूत पांढरं करायचं पेरॉक्साइड त्यांनी बाटलीतून घरी आणलं. ते हाताला लागलं की कातडी पांढरी पडते, हे तेच आम्हाला सांगायचे. तरी त्यांनी अंदाजानं त्यात पाणी ओतलं, खायचा सोडा कालवला आणि ताईला दात घासायला बसवलं. वाटीत फेस चढला, तिच्या तोंडात त्याहून जास्त. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आई म्हणाली, पुरे करा. वडील म्हणाले, "फेस येतोय बघ की. घाण निघतीय."

हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, संध्याकाळी त्यांची सालं निघाली. दातांवरच्या रेघा होत्या तशाच राहिल्या.

पाहुणे आले तेव्हा ताईला धड बोलता येत नव्हतं. त्यांनी तिला काही वाचून दाखवायला सांगितलं. दोन ओळींतच तिच्या ओठांवर रक्त आलं आणि ती आत निघून गेली. मी चहा घेऊन बाहेर गेले. जाताना मुलाच्या आईनं वडिलांना विचारलं, धाकटीचं काय ठरवलंय? वडिलांनी तिथंच होकार दिला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, तो मी बघितला.

मी त्या घरात जाणार नाही म्हणाले. तेव्हा ताईच म्हणाली, "माझ्यासाठी अडून बसू नकोस. मला कुणी विचारलं नाही, तसं तुलाही विचारलेलं नाही."

लग्नानंतर एकदा जेवताना नवऱ्यानं मला सगळं समजावून सांगितलं, वर्गात शिकवावं तसं. सोड्यामुळं पेरॉक्साइड लवकर फुटतं. आपल्या रक्तात आणि पेशींतही त्याला फोडणारं एक द्रव्य असतं. फेस म्हणजे नुसता प्राणवायू, घाणीचा त्याच्याशी संबंध नाही. आणि तसले डाग दाताच्या आतलेच असतात, घासून ते कसे जाणार? सांगून झाल्यावर त्यानं आमटी मागितली. मी वाढली.

ताईच्या हिरड्या मागे सरल्या त्या सरल्याच. दातांची मुळं उघडी पडली. सोलापूरच्या उन्हाळ्यातही ती पाणी कोमट करून प्यायची. पुढे तिला स्थळ आलं नाही. चादरीच्या कारखान्यात ती चादरींच्या कडेच्या सुतांच्या दशा वळत राहिली आणि म्हातारपणी वडिलांना तिनंच सांभाळलं. वडील मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला शेवटपर्यंत सांगत राहिले, हिच्या हिरड्या जन्मापासूनच नाजूक. ती तिथंच बसलेली असायची, त्यांच्या भाकरीचा काला करत.