मोगऱ्याची पिवळी पानं

मखमलाबादच्या शिवारातला अर्धा एकर मोगरा भिमाजींनी तीस वर्षं एकहाती सांभाळला. त्यांची बायको नवसाबाई पहाटे कळ्या खुडायच्या, टोपली भरून नाशिकच्या फुलबाजारात न्यायच्या. पण छाटणी कधी, पाणी किती, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. जानेवारीत भिमाजींना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं तुटक झालं, आणि बाग नवसाबाईंच्या अंगावर पडली.

चैत्र सरताना ऊन भाजायला लागलं. दुपारी झाडं माना टाकायची. नवसाबाईंनी पाणी वाढवलं. दोन दिवसांआडचं रोज केलं, मग दोन वेळा. तरी पानं पिवळी पडत गेली, कळ्या मोहरीएवढ्या असतानाच गळू लागल्या.

डॉक्टरांनी बजावलं होतं, भिमाजींना ताण देऊ नका. संध्याकाळी भिमाजी विचारायचे, "मोगरा?"

"चांगला हाय," नवसाबाई म्हणायच्या. खोटं उघडं पडू नये म्हणून शेजारच्या मोतीरामच्या बागेतल्या ओंजळभर कळ्या मागून आणायच्या आणि त्यांच्या उशाशी ठेवायच्या. असे आठ दिवस गेले. नवसाबाईंना घास गोड लागत नव्हता. एवढ्या वर्षांची बाग आपल्या हातून गेली, तर या माणसाला काय तोंड दाखवायचं?

नवव्या दिवशी भिमाजींनी एक कळी डाव्या हातात घेतली, फिरवून पाहिली.

"मोतीरामची," ते म्हणाले. "आपली लांबट असती."

नवसाबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि पदराने डोळे पुसत सगळं सांगून टाकलं.

"झाड आण," एवढंच ते बोलले.

सून छायाने एक पिवळं झाड मुळासकट उपटून आणलं. भिमाजींनी मूळ नाकाशी धरलं. काळं, गिळगिळीत, कुजका वास.

"पाणी लय झालं. तोड."

"अहो, एवढ्या उन्हात पाणी बंद? जळून जातील."

"तोड."

पुढचे दहा दिवस नवसाबाईंनी कसे काढले, त्यांनाच ठाऊक. छायाने कुजलेली झाडं काढून बांधाबाहेर जाळली. दोघींनी खुरप्याने उरलेल्या झाडांची माती मोकळी केली. वरून आग पडत होती, आणि नवसाबाईंचा हात दर दुपारी मोटारीच्या बटणाकडे जायचा आणि मागे यायचा.

सखल भागातल्या चार ओळी गेल्याच. अकराव्या दिवशी बाकीच्या झाडांवर तांबूस कोंब दिसले. काही झाडं अजून अशीतशीच होती, त्यांचा भरवसा नव्हता.

आता दोघी मिळून भिमाजींना रोज सकाळी खुर्चीसकट बांधावर नेतात. नवसाबाई एकेक झाड दाखवतात, आणि ज्याचं पान पिवळं असेल, ते आधी सांगतात.